फ्यूजनच्या मशीनमध्ये मायक्रोवेव्हनं प्लाझ्मा कसा पेटवतात? घरच्या ओव्हनच्या मॅग्नेट्रॉननं जमेल का?

भाऊ, दोन्ही प्रश्न मस्त विचारले. मी यवतमाळ जिल्ह्यात ज्युनिअर कॉलेजच्या पोरांना फिजिक्स शिकवतो, तीही हेच विचारतात, कारण मायक्रोवेव्ह म्हटलं की सगळ्यांना ओव्हनच आठवते अन ओव्हनमध्ये मॅग्नेट्रॉन नावाच्या नळीतून निघालेल्या मायक्रोवेव्ह लाटेनं अन्नातलं पाणी तापते. फ्यूजनमध्ये, म्हणजे हलक्या अणूंची केंद्रकं जोडून एनर्जी काढायच्या कामात, पाणी नसतेच, तिथं तापवायचे असतात इलेक्ट्रॉन.

चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन सरळ जात नाही, गोल गोल चकरा मारते, खळ्यात मेढीभोवती बैल फिरते तसा. दर चकरेला बैल समोर आला की बरोबर त्याच टायमाला तुतारी टोचली तर तो पळतच सुटते, टायम चुकला तर काही उपयोग नाही. लाटेचं काम तेच. सेकंदाला किती चकरा हे चुंबक ठरवते, १ टेस्लाला २८ गिगाहर्ट्झ म्हणजे २८०० कोटी चकरा, अन लाट त्याच फ्रिक्वेन्सीची नाहीतर तिच्या दुप्पट पाहिजे.

पेटवताना चेंबर आधी पंपानं रिकामं करतात, मग हायड्रोजनसारखा गॅस अगदी थोडा सोडतात. कॉस्मिक किरणांमुळे थोडेफार सुटे इलेक्ट्रॉन त्यात असतातच. ते लाटेतून एनर्जी घेतात, पळतात, अणूवर आदळून त्याचा इलेक्ट्रॉन उडवतात, मग तोही पळाले लागते, एकाचे दोन दोनाचे चार करत मिलिसेकंदांत गॅसचा प्लाझ्मा झालेला असते, म्हणजे सुटे इलेक्ट्रॉन अन इलेक्ट्रॉन गमावलेले अणू (आयन) यांचं मिश्रण. आत ना तार ना इलेक्ट्रोड, कशाचाच हात लागत नाही, मला तर यातलं हेच सगळ्यात जास्त आवडते. पुढं तीच लाट तापवतही राहते, इलेक्ट्रॉन तापले की टकरा होऊन उष्णता आयनांकडं जाते, अन फ्यूजन तर आयनांचंच करायचं आहे.

जर्मनीत ग्राइफ्सवाल्डला वेंडेलस्टाइन ७-एक्स नावाचं फ्यूजनचं मशीन आहे, तिथला पहिला प्लाझ्मा १० डिसेंबर २०१५ ला असाच पेटवला. हीलियम गॅस, १.८ मेगावॅटची लाट, सेकंदाचा दहावा भाग, अन तापमान साधारण १० लाख डिग्री! चुंबक २.५ टेस्लाचं, त्याला २८ नं गुणा, ७० येते, अन लाट आहे १४० ची, म्हणजे दुप्पटवाली. २०२३ मध्ये त्यांनी प्लाझ्मा ८ मिनिटं टिकवला. आपल्या गांधीनगरच्या प्लाझ्मा संस्थेतल्या एसएसटी-१ या मशीनला ४२ गिगाहर्ट्झ वापरतात, ते १.५ टेस्लाला बरोबर जुळते, करून पाहा. फ्रान्समधल्या इटर नावाच्या फ्यूजन मशीनमध्ये सुपरकंडक्टिंग कॉइलमुळे (शून्य रोधाच्या तारेची गुंडाळी) गॅस पेटवणारं व्होल्टेज सुरुवातीला मीटरमागे ०.३ व्होल्टच मिळणार, तेवढ्यानं पेटायची खात्री नाही, म्हणून तिथं १७० गिगाहर्ट्झच्या लाटेची मदत घेणार. ती लाट जायरोट्रॉन नावाच्या मोठ्या मायक्रोवेव्ह नळीतून येते, एका नळीतून १ मेगावॅट, अन बाहेर पडायची खिडकी कृत्रिम हिऱ्याच्या चकतीची, कारण हिरा लाट जवळपास शोषतच नाही अन जी थोडी उष्णता होते ती तांब्यापेक्षाही लवकर बाहेर काढून देते.

आता तुमचा ओव्हन. २.४५ गिगाहर्ट्झला २८ नं भागा, ०.०८७५ टेस्ला, एवढं चुंबक तर सहज मिळते, अन लॅबमध्ये या फ्रिक्वेन्सीवर छोटे प्लाझ्मा खरंच बनवतात. पण प्लाझ्मा दाट झाला की लाट आत न शिरता परत फिरते, अन २.४५ ला ही मर्यादा फ्यूजनच्या मशीनमधल्या घनतेच्या हजारपटीनं खाली आहे. म्हणून चमक दिसेल, फ्यूजन होणार नाही.

अन घरी ओव्हन खोलू नका हो. आत हजारो व्होल्ट असतात, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकते, जीव जाते. भंगारात सुटा मॅग्नेट्रॉन मिळाला तर बाहेरूनच पाहा, वर-खाली दोन काळी गोल चुंबकं अन मधात कूलिंगच्या पत्र्या. त्याचं सिरॅमिक फोडू नका, काहींमध्ये बेरिलियम ऑक्साइड असते, त्याची धूळ फुफ्फुसाले फार वाईट.