लेकीचे बाळंतपण जर्मनीत, आई इंदूरला

इंदूरच्या राजेंद्र नगरातून एका ताईंनी लिहिले आहे: ‘माझी एकुलती एक लेक जावयांसह जर्मनीत श्टुटगार्टला असते. तिला पाचवा महिना चालू आहे. पहिले बाळंतपण माहेरीच, असे आम्ही गृहीत धरले होते. मागची खोली रंगवून घेतली, मालिशवाल्या बाईंना सांगून ठेवले. आता ती म्हणते, बाळंतपण इथेच करीन आणि तू बाळ झाल्यावर तीन आठवड्यांनी ये. तिथल्या रुग्णालयात रात्री गार ब्रेड आणि चीज देतात, हेही तिनेच हसत हसत सांगितले. ग्वाल्हेरहून विहीणबाई दर फोनला विचारतात, “मग, केव्हा आणताय तिला?” त्यांना काय सांगू? लेकीला आई नकोशी झाली, असेच समजायचे का?’

ताई,

तसे मुळीच समजू नका. तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत: बाळंतपण कोठे व्हावे, आणि त्यात तुम्ही काय करावे. पहिल्याचा निर्णय लेकीचा आणि जावयांचा आहे, आणि तो मला योग्य वाटतो. दुसऱ्याविषयी मात्र तुम्ही तिच्याशी अजून मोकळेपणाने बोललेल्याच दिसत नाही.

तिला इंदूरला आणायचे म्हणजे काय करावे लागेल, ते आधी पाहू. बहुतेक विमान कंपन्या २८व्या आठवड्यानंतर डॉक्टरांचे पत्र मागतात आणि ३६व्या आठवड्यानंतर बसू देत नाहीत. जर्मनीत प्रसूतीची रजा अपेक्षित तारखेच्या ६ आठवडे आधी सुरू होते आणि नंतर ८ आठवडे असते. म्हणजे सुखरूप प्रवासासाठी तिला रजेच्या कितीतरी आधी नोकरी सोडून निघावे लागेल. इंदूरला जन्मलेल्या बाळाला परत न्यायचे, तर त्याचा पासपोर्ट आणि मग व्हिसा, यांत आणखी काही महिने जातील, आणि तोवर बापाने आपले मूल फोनवरच पाहायचे. हे जावयांना नको असेल, तर त्यात मला तरी गैर काही दिसत नाही.

तिथे तिच्याकडे कोण पाहणार, ही तुमची खरी काळजी. जर्मनीत सुईणीला हेबामे म्हणतात, आणि डॉक्टर समोर असले तरी प्रत्येक प्रसूतीला हेबामे हजर असलीच पाहिजे, असा तिथला कायदा आहे. रुग्णालयातून घरी सोडल्यावर बाळ दहा दिवसांचे होईपर्यंत ती गरजेप्रमाणे रोज घरी येऊ शकते, आणि त्यानंतर बाळ १२ आठवड्यांचे होईपर्यंत आणखी १६ वेळा. ती बाळाचे वजन करते, नाळ पाहते, टाके पाहते, बाळ नीट पिते की नाही हे जवळ बसून पाहते, आणि याचा खर्च सरकारी आरोग्यविमा उचलतो. अडचण एकच आहे: मोठ्या शहरांत अशी हेबामे मिळणे कठीण झाले आहे. तेव्हा पुढच्या फोनवर, ‘तू येणार की नाही?’ याऐवजी ‘हेबामे ठरली का?’ असे विचारा. नसेल ठरली, तर आता उशीर नको.

आता ते तीन आठवडे, जे तुमच्या जिव्हारी लागले आहेत. जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. तुम्ही महिनाभर आधी जाऊन बसलात, तर त्यातले ३० दिवस वाट पाहण्यातच जातील, आणि नेमकी हेबामेच्या फेऱ्या विरळ होतात, जावई कामावर रुजू होतात, रात्रीची जागरणे अंगात मुरतात, तेव्हा तुमची परतीची तारीख जवळ येऊ लागेल. आणखी एक कारण आहे, जे लेकीने सांगितले नसेल. बाळंतिणीला तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणे अगदी नेहमीचे आहे आणि ते बहुधा आपोआप ओसरते. दोन आठवडे उलटूनही मन उदास राहिले, बाळाकडेही पाहावेसे वाटेना, तर मात्र ते डॉक्टरांना सांगायलाच हवे. ते ओळखायला, तिचा चेहरा लहानपणापासून वाचणारे माणूस त्याच सुमारास घरात असणे फार उपयोगाचे. जायचे असेल, तर व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. त्यासोबत किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा लागतो. तुम्हाला रक्तदाब वगैरे असेल, तर जुन्या दुखण्याचा खर्च विम्यात येतो का, ते नीट विचारून घ्या.

गार ब्रेडचे दुःख मला समजते. आपल्याकडे बाळंतिणीला गार पाणीही देत नाहीत. पण जर्मन माणसे रात्री आपल्या घरीही तेच खातात. गरम जेवण त्यांचे दुपारचे. रुग्णालयातला मुक्काम साधारण तीन-चार दिवसांचा असतो, आणि तेवढे दिवस मऊ भात, तूप आणि मेतकूट डब्यात घालून नेणे जावयांना जमेल. त्यांना ते आतापासून शिकवा.

सामानाबद्दल मात्र सावध राहा. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून दूध-दुभत्याचे पदार्थ सामानात आणायला मनाई आहे, म्हणून साजूक तुपाची बरणी आणि तुपातले लाडू भरू नका. सियागंजच्या बाजारातून डिंक, अळीव, खारीक, सुके खोबरे घ्या. तिथले लोणी चांगले असते, ते कढवून तूप करा आणि लाडू तिच्या स्वयंपाकघरातच वळा. विमान दुबईमार्गे असेल, तर खसखस चुकूनही बांधू नका. संयुक्त अरब अमिरातीत तिच्यावर बंदी आहे, आणि लाडवांत घालायची पुडी तुम्हाला विमानतळावरच्या चौकशीत नेऊन उभी करील.

घरातल्या चालीरीतींत काही गोष्टी सोडाव्या लागतील. तिथल्या घरांत झोपायच्या खोल्यांत धूर ओळखणारी यंत्रे लावणे बंधनकारक आहे. शेगडीचा शेक आणि धुरी दिली, तर शेजारी गोळा होतील. तसेही कोळशाचा धूर बाळाच्या छातीला बरा नाही. पहिले काही महिने आईच्या दुधाखेरीज काही नको आणि वर्षभर मध नको, हे तिथले डॉक्टर सांगतील आणि इथलेही, तेव्हा गुटीचा आग्रह धरू नका. तेलाचे मालिश, अंघोळ आणि मांडीवरची जोजवणी याला कोणी ना म्हणणार नाही, हेबामेही नाही.

बारशाचे तुम्ही लिहिले नाही, पण मनात असणारच. जन्माची नोंद तिथे आठवड्याच्या आत करावी लागते; नाव ठरले नसेल, तर ते महिन्याच्या आत कळवले तरी चालते. त्यामुळे बाराव्या दिवशी आत्याने फोनवरून कानात ‘कुर्र’ करून नाव ठेवायला सवड आहे. हे विहीणबाईंना आवर्जून सांगा. ‘केव्हा आणताय?’ असे त्यांनी पुन्हा विचारले, तर डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिल्यास सातवा लागताच दोन आठवडे लेक इंदूरला येईल आणि डोहाळजेवण राजेंद्र नगरातच होईल, असे सांगता येईल. मात्र हा बेत आधी लेकीला विचारा. तिला तो आवडेल असे मला वाटते, पण दमणूक तिची आहे आणि हो-नाही म्हणायचेही तिनेच.

तोपर्यंत तुमच्याच हातून होईल असे एक काम आहे. बाळाची नोंद करताना तिथले कार्यालय साधारणपणे आई-वडिलांचे जन्मदाखले आणि विवाहाचा दाखला मागते. आपल्याकडच्या त्या काळातल्या कित्येक जन्मदाखल्यांत बाळाच्या नावाची जागा कोरीच असते, कारण नोंद बारशाच्या आधी झालेली असते. लेकीचा दाखला काढून पाहा. नाव नसेल, तर नगर निगमात जाऊन ते घालून घ्या, आणि आई-वडिलांच्या नावांची अक्षरे तिच्या पासपोर्टशी तंतोतंत जुळतात का तेही तपासा. या कामाला वेळ लागतो, म्हणून व्हिसाच्या आधी हे हाती घ्या.