उचलू नका, बाबा

"आधीच एवढं झालंय, त्यात आणखी काही झालं तर?" अपंगत्व आलेल्या मुलामुलींच्या आईवडिलांकडून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय, की आता चेहऱ्यावरूनच ओळखू येतो. कुणाच्या मुलीला एकटीनं लोकलनं जायचं असतं, कुणाच्या मुलाला लग्न करायचं असतं. कोपरखैरण्याहून आलेल्या या काकांच्या मुलाला बर्फावर स्की करायचं होतं. (दोघांना विचारून लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

मुलगा सत्तावीस वर्षांचा. चार वर्षांपूर्वी पाम बीच रोडवर बाइक घसरली आणि मणक्याला इजा झाली, टी-१० पातळीची, म्हणजे छातीच्या भागातल्या दहाव्या मणक्यापाशी. साधारण बेंबीखाली काही कळत नाही, पाय हलत नाहीत. हात-खांदे मात्र दणकट. व्हीलचेअरवरून ऐरोलीला नोकरीला जातो. बीजिंगच्या २०२२ च्या हिवाळी पॅरालिम्पिकचे व्हिडिओ बघून त्यानं गुलमर्गचा ध्यास घेतला. काका कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले. "मॅडम, तुम्ही त्याला समजवा," एवढंच त्यांचं मागणं.

पहिल्या भेटीत मी चुकले. काकांनाच समजवायला बसले. १९७६ साली स्वीडनमध्ये पहिली हिवाळी पॅरालिम्पिक झाली, पुढे १९८८ ला ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमध्ये बसून करायचं स्कीइंगही आलं, असं सगळं सांगितलं. साच्यात बसवल्यासारखी सीट, खाली स्प्रिंग आणि एकच स्की, दोन्ही हातांत कुबड्यांसारख्या काठ्या आणि त्यांच्या टोकाला छोट्या स्की. नवशिक्याला दोन स्कीवाली, जास्त स्थिर सीट देतात आणि प्रशिक्षक मागून पट्ट्यानं धरून असतो. (मी स्वतः बर्फ पाहिलाय तो फ्रिजरमधला. पण आदल्या रात्री वाचून गेले होते, त्यामुळे बोलायला जोर होता.) काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ती माणसं शूर असतील. माझ्या पोरानं शूर व्हावं असं मी कधी मागितलं नव्हतं."

मी गप्प झाले. बरं झालं. दुसऱ्याच्या पराक्रमाच्या गोष्टी घाबरलेल्या माणसाला आणखी एकटं पाडतात, हे मला एरवी माहीत असतं. त्या दिवशी विसरले होते.

पुढच्या वेळी त्यांना म्हटलं, काका, 'काही झालं तर' मधलं 'काही' लिहून आणा. एकेक करून. त्यांनी लाइट बिलाच्या मागे, शिफ्टचा रिपोर्ट लिहावा तशा सुबक अक्षरात अकरा ओळी आणल्या. पडला तर. हात मोडला तर, कारण आता हातच त्याचे पाय आहेत. थंडीनं पाय बधिर होऊन कळलंच नाही तर. शेवटच्या ओळीवर दोनदा पेन फिरवलेलं होतं: 'परत जखम झाली तर.'

ती जखम म्हणजे बेडसोर, एकाच जागी दाब पडत राहून होणारी. दोन वर्षांपूर्वी माकडहाडापाशी एक लाल डाग आला होता. मुलाला दुखलं नाही, दुखणारच नव्हतं. कुणी पाहिलं नाही. पुढे तो चार महिने पालथा पडून होता आणि ड्रेसिंग काका करायचे. त्यानंतर मुलाचं पाणी, लघवीच्या वेळा, उशी, सगळं काका मोजायला लागले. मुलाचं म्हणणं वेगळंच निघालं. ऑफिसमधल्या टॉयलेटच्या दारातून व्हीलचेअर जात नाही, म्हणून तो दुपारी पाणीच प्यायचा नाही, आणि घरी बाबा विचारतील म्हणून बाटली बेसिनमध्ये ओतून आणायचा. ही गोष्ट त्यानं पहिल्यांदा माझ्या समोर सांगितली. काका बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.

अकरा ओळींपैकी बहुतेकांची उत्तरं माझ्याकडे नव्हतीच. त्या ओळी घेऊन दोघं त्याच्या पुनर्वसनाच्या डॉक्टरांकडे गेले. इजा टी-६ किंवा त्याच्या वर असती तर रक्तदाब एकदम चढण्याचा आणि शरीराचं तापमान न सांभाळलं जाण्याचा धोका बराच जास्त असता. याचं तसं नाही. पण थंडीत पायांचे झटके वाढू शकतात. बुटात पाय दुमडला किंवा हिमदंश होऊ लागला तर त्याला कळणार नाही, म्हणून ठरावीक वेळानं बूट काढून डोळ्यांनी बघायचं. सीटमध्ये गादी हवी, जाड शिवणीची पँट नको, अधूनमधून हातांवर अंग उचलायचं आणि रात्री आरशात कातडी तपासायची. गुलमर्ग २,६०० मीटरच्या वर आहे. तिथल्या कोरड्या हवेत पाणी कमी पिऊन चालणार नाही. ते ऐकून, काका सांगतात, बापलेकांनी एकमेकांकडे पाहिलं.

बाकीच्या ओळी फोनवर सुटण्यासारख्या होत्या. सीट त्याच्या मापाची आहे का, बसून स्की करणाऱ्याला आधी कुणी शिकवलंय का, खोलीच्या बाथरूमचं दार किती इंच, विम्यात साहसी खेळ धरलेत का. हे फोन मुलानंच करायचे असं ठरलं. जाणार तो, तर चौकशीही त्यानंच करायची. काकांना हे आवडलं नाही. मी आग्रह सोडला नाही.

एक ओळ मात्र नुसती विचारून सुटण्यासारखी नव्हती. 'पडला तर.' स्की शिकणारा पडतोच. मग फिजिओथेरपिस्टला विचारून त्यांनी हॉलमध्ये दोन गाद्या टाकल्या आणि मुलगा कुशीवर पडायचा सराव करू लागला. हात पसरून टेकायचे नाहीत, छातीशी घ्यायचे, मग कोपरावर जोर देऊन उठायचं. मी एकदा घरी गेले तेव्हा तो पडला आणि काका सोफ्यावरून अर्धे उठले. "बाबा, उचलू नका." ते तसेच अर्धवट उभे राहिले, एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट पाठीमागे घट्ट धरून. त्याला उठायला दोन मिनिटं लागली असतील. मधे चहा निवला, शेजारच्या काकू डोकावून गेल्या.

या हिवाळ्यात ते गेले नाहीत. निघायच्या पंधरा दिवस आधी आरशात एक लालसर डाग दिसला. दाबल्यावर पांढरा पडत नव्हता, म्हणजे ती सुरुवात होती. तो मुलाला स्वतःला दिसला आणि त्यानं स्वतःच बाबांना हाक मारली. तिकिटं रद्द झाली, थोडे पैसे बुडाले, डाग आठवडाभरात गेला. मुलगा चिडचिडा झाला होता, ते साहजिकच.

मे महिन्यात, वाशीत अंगाची लाही होत असताना, काकांचा फोन आला. "मॅडम, जाड शिवण नसलेली लोकरीची पँट नवी मुंबईत कुठं मिळते हो? चार दुकानं फिरलो, लोक माझ्याकडे बघून हसतायत."