गुरुजींना विचारा : चौदा भरली की शाळा संपते का?

प्रश्न : गुरुजी, रामराम. शहादा तालुक्यातून लिहितोय. भाची माझ्याकडे राहते, सातवीत आहे. बहीण-मेहुणे दरसाल दिवाळी झाली की गुजरातेत बारडोलीकडे ऊसतोडीला जातात. दोन वर्षांपूर्वी पोरगीही सोबत गेली, तिचं एक वर्ष बुडालं. येत्या जानेवारीत तिला चौदा पूर्ण होतील. शाळेतले एक जण म्हणाले, 'चौदा झाली की कायदा संपला, पुढं आमची जबाबदारी नाही.' मेहुण्यांनी तेवढंच धरलंय. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेऊन झालीय, म्हणतात पोरीला कोयत्यावर, ऊस तोडायला नेतो. इकडे मोबाइलवर येतं की नवा कायदा येतोय, तीन ते अठरा वर्षं सगळं मोफत. तो कधी येणार? तोवर पोरीला कसं थांबवू? – एक मामा

उत्तर : मामा, नव्या कायद्याचं मागून बघू, आधी जानेवारीचं बघू. तुम्हाला सांगितलं ते चूक आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 4 काढून वाचा. शाळा अर्धवट सुटलेल्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात घ्यायचं, मागे पडलं असेल तर वेगळं शिकवायचं, आणि चौदा उलटली तरी आठवी पुरी होईस्तोवर मोफतच शिकवायचं, असं त्यात लिहिलंय. आठवीआधी शाळेतून काढताही येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनं पाचवी-आठवीत नापास करायची मुभा राज्यांना दिली, आपल्याकडे त्या परीक्षा सुरूही झाल्या. पण नापास झालं तरी फेरपरीक्षा आहे, आणि काढणं तेव्हाही मना आहे. पुढल्या वर्षी तिची आठवीची परीक्षा येईल, तिची तयारी आतापासून घ्या.

आता अठराचं. 2020 च्या शैक्षणिक धोरणात तीन ते अठरा आहे, खरं. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे, त्यावर कोणाला जाब विचारता येत नाही. घटनेच्या कलम 21-अ मध्ये 'सहा ते चौदा' असेच शब्द आहेत. अठरापर्यंतचा मूलभूत हक्क हवा तर घटनादुरुस्ती लागेल. नुसता कायदा वाढवायचा तर साध्या बहुमतानं होईल, पण मग नववी ते बारावीच्या शाळा, शिक्षक, वसतिगृहं यांचा खर्च केंद्रानं किती नि राज्यानं किती उचलायचा, यावर घोडं अडतं. मागचा वेग बघा. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक 1911 मध्ये मांडलं, ते पडलं. घटनादुरुस्ती झाली 2002 ला, कायदा 2009 ला, अंमल 1 एप्रिल 2010 पासून. नापास करायची दुरुस्ती मात्र कायदा दहा वर्षांचा व्हायच्या आत झाली. तिला पैसे लागत नव्हते. माझा अंदाज विचाराल तर वय आधी खालून, म्हणजे सहाच्या आतल्या पोरांसाठी, वाढेल, कारण अंगणवाड्या उभ्या आहेत. वरून वाढायला वेळ लागेल, आणि आपल्या सातपुड्याच्या पोरींना नेमकं वरचंच हवंय. तुमच्या भाचीच्या वेळेत ते बसेल असं मला वाटत नाही. आठवीनंतर तिला राज्याची मुलींची फीमाफी आहे, आश्रमशाळा आहेत. पण ती सवलत, हक्क नव्हे.

कागदाचं एवढं का लावून धरतो, सांगतो. मी तळोद्याकडे शाळेवर होतो. दिवाळीनंतर वर्ग अर्धा रिकामा व्हायचा. होळीला परतलेला एक पोऱ्या पाटीवर अक्षरं काढी, पण डोक्यावर रेघ नाही. मी पंधरा दिवस त्याला 'रेघ दे रे, रेघ दे' म्हणून दटावत होतो. मग कळलं, तो तिकडे तीन महिने गुजराती शाळेत बसत होता. गुजरातीला कुठली शिरोरेषा! पोरगं शिकून आलं होतं आणि मी हजेरीत त्याच्या नावापुढं सलग गैरहजेरी मांडून पटावरून नाव कमी केलं होतं. त्याच्याकडे कागद नव्हता, आणि मीही विचारलं नाही.

म्हणून मुख्याध्यापकांना अर्ज द्या, कलम 4 चा उल्लेख करून. तिचा सांभाळ तुम्ही करता, तेव्हा सही तुमची चालते. दुसऱ्या प्रतीवर शिक्क्याची पोच घ्या. ऐकलं नाही तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. कलम 32 प्रमाणे तिचा निकाल तीन महिन्यांत द्यावा लागतो. तीन महिने म्हणजे ऊसतोडीचा निम्मा हंगाम, म्हणून दिवाळीच्या सुट्टीआधीच द्या. आणि एवढं करूनही पोरगी गेलीच, तर दाखला लगेच मिळणं हा तिचा हक्क आहे, राज्याबाहेर जायचं असलं तरी. दाखला उशिरा पोचला म्हणून तिकडच्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. सोबत शिक्षण हमी कार्डही मागा, स्थलांतर करणाऱ्या पोरांना दुसऱ्या शाळेत दाखवायला ते देतात.

मेहुण्यांशी मात्र तुम्हीच बोला. उचल फेडायची कशी हे त्यांच्यासोबत बसून मांडा, कलमं ऐकवू नका.