फुंकर मारायच्या आधी

मागच्या अंकात जुन्या टीव्ही गेमसाठी घरी नवीन गेम बनवण्याबद्दल दोन ओळी काय लिहिल्या, पत्रांचा आणि मेसेजचा नुसता ढीग पडला. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, त्यामुळे जे प्रश्न परत परत आले तेवढेच घेतोय.

दादा, माळा साफ करताना बाबांचा जुना टीव्ही गेम सापडला, दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, प्रोग्रामिंगमधलं सी येतं. यावर चालेल असा माझा स्वतःचा गेम बनवता येईल का? (भांडुप)

येईल की! आधी कॅसेट उलटी करून खालच्या पट्ट्या मोज. एका बाजूला ३० आणि दुसऱ्या बाजूला ३० असतील तर तुझं मशीन म्हणजे निन्टेन्डोचा जो फॅमिकॉम १९८३ ला जपानमध्ये आला त्याची कॉपी, आपल्याकडे ९० च्या दशकात घरोघरी आलेले बहुतेक टीव्ही गेम तेच होते. त्याच्यासाठी सीसी६५ नावाचा फुकट कंपायलर, म्हणजे सीचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम आहे, सीमध्ये लिहायचं आणि मेसेन किंवा एफसीईयूएक्स या एम्युलेटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवर त्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, चालवून बघायचं.

पण तुझं कॉलेजमधलं सी इथे जरा आवरून वापरावं लागेल कारण या मशीनला रॅम आहे २ केबी. जीबी नाही, एमबी पण नाही, केबी. त्यात स्कोअर, शत्रू कुठे आहेत, म्युझिक कुठपर्यंत आलं, सगळं बसवायचं. साधी कॅसेट म्हणजे प्रोग्रामला ३२ केबी आणि चित्रांना ८ केबी, एकूण ४०, तुला सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फुलांचा फोटो येतो ना तो पण यापेक्षा मोठा असतो. आणि म्हणून काही होत नाही असं अजिबात नाही, २०१९ ला आलेला मायक्रो मेजेस हा गेम याच ४० केबीत बसवलाय आणि चार जण एकदम खेळू शकतात.

पहिलाच गेम मारिओसारखा पळता करायला जाऊ नकोस, स्क्रीन सरकवण्यातच तुझे सहा महिने जातील आणि मग तो फोल्डर तू परत उघडणार नाहीस, मी स्वतः असे तीन फोल्डर बाळगून आहे. एका स्क्रीनचा गेम कर. गच्चीवर पापड वाळत घातलेत, कावळे येतायत, आजीने काठी घेऊन हाकलायचे, झाला गेम. यात पण एक गंमत होईल ती आत्ताच सांगून ठेवतो, हे मशीन एका आडव्या ओळीत ८ च स्प्राइट, म्हणजे हलत्या चित्राचे तुकडे, दाखवतं आणि एक स्प्राइट ८ पिक्सेल रुंद, म्हणजे १६ पिक्सेलचा कावळा काढलास तर एका रेषेत चारच कावळे दिसतात आणि पाचवा गायब. आजी त्याच रेषेत असेल तर तीनच. जुन्या गेममध्ये गर्दी झाली की सगळे लुकलुकायचे ते यामुळेच, प्रत्येक फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवर काढल्या जाणाऱ्या एकेका चित्राला, क्रम बदलायचे म्हणजे एकच कोणीतरी कायमचा गायब राहत नाही. तू पण तेच कर.

एम्युलेटरवर गेम मस्त पळतो पण घरच्या मशीनवर टाकला की गाणं रेंगाळतं, कॅरेक्टर पण मंद चालतं. चिप खराब आहे का? (कल्याण)

चिप ठणठणीत आहे हो. तुमचा एम्युलेटर अमेरिकन मशीनवर सेट आहे, ते सेकंदाला ६० फ्रेम काढतं. आपला टीव्ही पॅल पद्धतीचा, म्हणजे सेकंदाला ५०. तुम्ही प्रत्येक फ्रेमला एक पाऊल असं लिहिलं असणार, मग ६० पावलांना एका सेकंदाऐवजी १.२ सेकंद लागतात. मेसेनमध्ये रिजनला डेन्डी निवडा. डेन्डी हे रशियातल्या अशाच कॉपी मशीनचं नाव, आपल्याकडच्या पॅल कॉप्यांचा हिशोब साधारण तोच आहे. युरोपवालं पॅल निवडू नका, ते पण ५० चंच आहे पण त्यात दोन फ्रेमच्या मध्ये चित्र बदलायला जास्त वेळ मिळतो, आपल्या मशीनवर तो मिळत नाही आणि मग स्क्रीनवर कचरा दिसतो.

उपाय असा की गेम सुरू होताना एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत प्रोसेसरच्या किती सायकल, म्हणजे त्याच्या घड्याळाचे ठोके, जातात ते मोजायचं. अमेरिकनवर २९,७८० च्या आसपास येतात, युरोपियनवर ३३,२४७ आणि आपल्यावर ३५,४६४. आकडा कळला की गाणं वाजवणारा कोड दर पाच फ्रेमला सहा वेळा चालवा, ताल जागेवर येतो. कॅरेक्टरचं मात्र असं करू नका, उडी मारताना झटका दिसतो, त्याचा वेगच वेगळा ठेवा.

मी शाळेत शिकवते. मुलांसाठी जीबी स्टुडिओ या गेम बनवायच्या प्रोग्राममध्ये गेमबॉयचा (निन्टेन्डोचं हातात धरायचं मशीन) छोटा गेम करतेय, पण मराठी अक्षरं येतच नाहीत. इंग्रजीतच करावा लागेल का? (ठाणे)

नाही ताई, मराठीतच करा, फक्त टाइप करायचं विसरा. आपल्या फोनवर 'कि' टाइप केलं की वेलांटी उडी मारून क च्या आधी जाऊन बसते, जोडाक्षरं जुळतात, ते सगळं फोन करतो. १९८९ च्या गेमबॉयला यातलं काही कळत नाही, त्याला ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन एकापुढे एक मांडता येतात, बास. इंग्रजीचं एक अक्षर एका चौकोनात जातं म्हणून त्यांचं भागतं. आपल्या अक्षराला वर मात्रा पाहिजे, खाली उकार पाहिजे, त्यामुळे मी अख्खं वाक्यच चित्र म्हणून काढतो.

दोन चौकोन उंच, म्हणजे १६ पिक्सेलची ओळ घ्या. त्यात वरचे ४ मात्रा आणि अनुस्वाराला, १ शिरोरेषेला, ७ अक्षराच्या अंगाला, ३ उकाराला, आणि सगळ्यात खालचा १ मोकळा नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर बसतो. स्क्रीन २० चौकोन रुंद, म्हणजे एका भरगच्च ओळीला ४० चौकोन जातात आणि जीबी स्टुडिओ साध्या गेमबॉयच्या एका बॅकग्राउंडला १९२ वेगळे चौकोन देतो. चार ओळी लिहिल्या की १६० संपले, उरलेल्या ३२ मध्ये झाड, घर, काय ते काढा. रिकामे चौकोन सगळे एकच धरले जातात, म्हणून वाक्यं तोकडी ठेवा, मुलांना पण तेच बरं.

आता खरी मेख. ७ पिक्सेलमध्ये क्ष आणि ज्ञ निघतात, थोडे चेपतात पण ओळखू येतात. फसवतात ती ध आणि भ. घ आणि ध, म आणि भ यांच्यात लहान साइजला फरक म्हणजे जवळजवळ शिरोरेषेतली फटच. मी ती फट एक पिक्सेलची ठेवली होती, कॉम्प्युटरवर मोठं करून बघितलं तर झकास दिसत होती, खऱ्या गेमबॉयच्या त्या हिरवट स्क्रीनवर फट बुजली आणि माझ्या गेममधला हवालदार चोराला "भाऊ थांब" ऐवजी "माऊ थांब" म्हणायला लागला. पुतणीने ते वाचून दाखवलं तेव्हा कळलं! फट दोन पिक्सेलची ठेवा आणि भ चं डावीकडचं वेटोळं जरा जास्तच वळवा.

गेम तयार आहे. ६० पिनच्या २५ कॅसेट करून मित्रांना द्यायच्यात. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात काय काय मिळेल? (दादर)

प्रोग्रामसाठी २७सी२५६ आणि चित्रांसाठी २७सी६४ हे ईप्रॉम, म्हणजे पुसून परत लिहिता येणाऱ्या मेमरी चिप, मागा. त्यांच्या पाठीवर काचेची खिडकी असते, त्यातून अल्ट्राव्हायोलेट प्रकाश गेला की डेटा पुसतो, म्हणून लिहून झाल्यावर खिडकीवर जाड स्टिकर लावायचाच. तिथे मिळणारे बरेचसे जुन्या बोर्डवरून काढलेले असतात, त्यात वाईट काही नाही पण चिपवर लिहायचं यंत्र (प्रोग्रामर) सोबत घेऊन जा आणि काउंटरवरच कोरे आहेत का ते तपासून घ्या, घरी आल्यावर ४० पैकी ११ मेलेले निघाले की परत तिथे जायचा कंटाळा येतो, अनुभव आहे. ३.३ व्होल्टची स्वस्त फ्लॅश चिप कोणी गळ्यात मारायला लागलं तर नको म्हणा, हे मशीन ५ व्होल्टचं आहे.

बोर्ड छापायला टाकाल तेव्हा जाडी १.२ मिमी सांगा, नेहमीचा १.६ चा बोर्ड स्लॉटमध्ये कोंबला तर स्लॉटच्या पिना कायमच्या फाकतात आणि मग बाबांच्या जुन्या कॅसेट पण चालेनाशा होतात. गेमबॉयसाठी तर ०.८ पाहिजे. पट्ट्यांवर सोन्याचा मुलामा घ्या आणि कडेला उतार, दोन्हीचे पैसे जास्त पडतात, पण नुसतं कथिल घासून जातं.

आणि जुनी कॅसेट फोडून तिच्या पोटात आपला गेम घालू नका. चोर बाजारात पन्नास गोष्टींखाली दबून ती कॅसेट आजवर टिकली, तिला आपण कशाला मारायचं.

बॉक्स आणि माहितीपुस्तिका कशी करू? प्रेसवाले ५०० च्या खाली बोलतच नाहीत. (गिरगाव)

ऑफसेट छपाईला ते परवडतच नाही, त्यांची चूक नाही. २५-५० नगांना डिजिटल प्रिंट घ्या, ३०० जीएसएमचं आर्ट कार्ड, वर मॅट लॅमिनेशन. डाय (कापायचा साचा) बनवून घेण्यात पैसे घालू नका, नुसतं क्रीझिंग, म्हणजे घडीच्या रेषा दाबून घ्या आणि कापायला घरचे बसवा.

मोठ्या प्रिंटआधी एक कोरा डमी करा. मी केला नव्हता. कॅसेट मोजली, तेवढाच बॉक्स काढला, पुठ्ठ्याची जाडी आणि पुस्तिकेची जाडी धरलीच नाही, आणि ३० बॉक्स असे छापून आले की कॅसेट आत जायची पण झाकण लागायचं नाही. ते बॉक्स अजून घरी आहेत, बायको त्यात शिवणाचे दोरे ठेवते. चारी बाजूंनी २ मिमी मोकळे सोडा. पुस्तिकेची पानं चारच्या पटीत, मध्ये दोन पिना मारायच्या.

मराठी मजकूर प्रेसला देताना फॉन्ट कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांची चित्रं करूनच द्या, हे दहा वेळा सांगतो. एका प्रेसमध्ये माझी युनिकोड फाइल त्यांच्या जुन्या कोरलड्रॉ प्रोग्राममध्ये उघडली आणि सगळ्या वेलांट्या शेजारच्या अक्षरावर गेल्या, मुलगा म्हणाला साहेब बरोबरच दिसतंय की. आणि पावसाळ्यात छापलंत तर लॅमिनेशननंतर कार्ड वळतं, रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबून ठेवा आणि बॉक्समध्ये सिलिका जेलची पुडी टाका.

निन्टेन्डोचं नाव किंवा त्यांचा तो गोल शिक्का बॉक्सवर छापू नका, "६० पिनच्या टीव्ही गेमवर चालते" एवढं पुरे. गेमबॉयचं जरा वेगळं आहे, कॅसेटच्या आत त्यांच्या लोगोचा डेटा नसेल तर मशीन सुरूच होत नाही, त्यामुळे तो आत ठेवावाच लागतो. याच्यासारखंच एक भांडण अमेरिकेत सेगा आणि अ‍ॅकोलेड या गेम कंपन्यांमध्ये झालं होतं, १९९२ ला अपील कोर्टाने अ‍ॅकोलेडची बाजू घेतली. पण तो मशीन सुरू करण्यापुरता आतला मामला झाला, बॉक्सवर मिरवायला परवानगी मिळाली असं त्यातून काढू नका.

कॅसेट लागली नाही की आम्ही फुंकर मारायचो. खरंच उपयोग व्हायचा का? (परळ)

व्हायचा तो काढून परत लावण्याचा, पट्ट्या आणि पिना थोड्या घासल्या जायच्या. फुंकरीतली वाफ पट्ट्यांवर बसते आणि मुंबईच्या हवेत त्या लवकर काळ्या पडतात. इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा, पट्ट्यांवरून उभं फिरवा, आडवं नाही, दोन मिनिटं वाळू द्या आणि मग लावा.