नाडी ५४ दिसली म्हणून लगेच घाबरू नका

बीपीच्या मशीनवर नाडी ५४ दिसली आणि तुमची गोळी मेटोप्रोलॉल असेल, तर ती बीटा ब्लॉकर गटातली आहे. हृदयाचा वेग कमी करणं हे तिचं कामच आहे. अटेनोलॉल, डिल्टियाझेम, व्हेरापामिल या बीपीच्या इतर गोळ्यांनीही ठोके मंदावतात. अॅम्लोडिपिनने सहसा नाही. एरवी मिनिटाला ६० ते १०० ठोके सामान्य मानतात, पण या गोळ्यांवर पन्नाशीतले आकडे बऱ्याच जणांचे असतात. त्रास नसेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा, पुरे.

आकड्यापेक्षा अंगाकडे लक्ष द्या. उठताना अंधारी येते का, जिना चढताना पूर्वीपेक्षा जास्त दम लागतो का? मग डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा. चक्कर येऊन पडलात, छातीत दुखलं, तर सरळ दवाखाना गाठा. थकवा मात्र फसवा असतो, आपण तो वयाच्या खात्यात टाकून मोकळे होतो.

नाडी मनगटावर पूर्ण एक मिनिट मोजा, पाच मिनिटं शांत बसल्यावर. ठोके अनियमित असले की बीपीच्या मशीनवरचा नाडीचा आकडा चुकू शकतो.

आणि गोळी स्वतःहून बंद करू नका. एकदम सोडली तर बीपी आणि ठोके उसळतात, हृदयविकार असेल तर ते धोक्याचं आहे. डोस कमी करायचा तो डॉक्टरांनीच, हळूहळू. काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब घालत असाल तर तेही सांगा. डोळ्यातले थेंबही नाडी उतरवतात, हे अनेकांच्या गावीही नसतं. मधुमेह असेल तर साखर उतरल्यावरची धडधड या गोळीने झाकली जाते, घाम मात्र येतो.