विंडोज ११ टाकल्यावर नेट गेलं? फॉर्मॅट मारायच्या आधी हे पाहा

राम राम भाऊ. तुम्ही लिहिलंत ते असं: पारोळ्याचं तुमचं कृषी केंद्र. काउंटरचा कॉम्प्युटर विंडोज १० वरून ११ प्रोवर नेला आणि तेव्हापासून वायफाय जोडलेलं दिसतं, पण एकही साइट उघडत नाही. त्यातच गोडाऊनमधल्या विंडोज ७ च्या मशीनवरचा स्टॉकचा फोल्डरही काउंटरवरून उघडेना. नेटवाला म्हणतो लाईन ओके आहे, कॉम्प्युटरवाला म्हणतो फॉर्मॅट मारून घ्या. आणि कपाशीच्या बियाण्याची गर्दी तोंडावर.

एका दिवशी झालं म्हणून तुम्ही दोन्ही एकच दुखणं समजताय, पण ही दोन वेगळी आहेत. फोल्डरचं तर मला दुखणंही वाटत नाही. विंडोजने मुद्दाम बदललेला नियम आहे तो. फॉर्मॅट मारून पुन्हा ११ टाकलं तरी फोल्डर उघडणार नाही, म्हणून ते पैसे आधी वाचवा.

आता इंटरनेट. त्याच वायफायवर तुमचा मोबाईल चालतो असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे नेटवाला खरं बोलतोय. आपल्याकडे ठिबकला पाणी आलं नाही तर आपण आधी मोटर बघतो, मग फिल्टर, मग व्हॉल्व्ह. एकदम नवी बोअर मारत नाही. इथेही जवळून लांब जायचं. स्टार्टमध्ये सीएमडी (cmd) टाइप करून काळी खिडकी उघडा, आयपीकॉन्फिग (ipconfig) लिहून एंटर मारा आणि आयपीव्ही४ अ‍ॅड्रेससमोरचा आकडा बघा.

आकडा १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही, मशीनने स्वतःच एक ठोकून दिलाय. वायफायचं चिन्ह जोडलेलं दिसतं आणि आत काही नसतं, ते बहुतेकदा यामुळे. गिऱ्हाईक म्हणतं ना, ‘नेट शे, पण चालत नही’, तेच. अशा वेळी संशय ड्रायव्हरवर, म्हणजे वायफायचं कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, किंवा अँटीव्हायरसवर.

आकडा १९२.१६८ वगैरे असेल तर राउटरपर्यंत पोचलात. मग त्याच काळ्या खिडकीत पिंग ८.८.८.८ (ping 8.8.8.8) करून बघा. हा गूगलचा डीएनएस सर्व्हर, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा. तिकडून उत्तर येतंय आणि तरी साइट उघडत नाही, तर नाव शोधण्यात अडचण आहे. वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये कुणी जुना डीएनएस हाताने भरून ठेवलाय का बघा, असेल तर ऑटोमॅटिक करा. सेटिंग्जमध्ये प्रॉक्सी, म्हणजे नेट दुसऱ्या मशीनमार्फत फिरवणारी सोय, चालू राहिलीय का तेही बघा. ब्राउझर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असं म्हणत असेल तर कोपऱ्यातली तारीख बघा. जुन्या मशीनचा बटनसेल उतरला की तारीख मागे जाते आणि कुठलीच साइट धड उघडत नाही.

तुमच्या बाबतीत मला पहिला संशय अँटीव्हायरसवर आहे. मुदत संपलेला, कधीतरी मशीनबरोबर आलेला, कुणी काढलेला नाही असा. तो नेटवर्क कार्डाच्या रस्त्यात आपला एक फिल्टर बसवतो. अपग्रेडमध्ये तो अर्धवट राहिला की सगळी ये-जा तिथेच अडते. जुन्या व्हीपीएनचंही तसंच. नुसतं बंद करून भागत नाही, काढूनच टाका, आणि ज्या कंपनीचा असेल तिचं काढण्याचं वेगळं टूल मिळतं ते वापरा. मशीन उघडं पडेल याची काळजी नको, तो गेला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप चालू होतो.

काढल्यावर रीस्टार्टच करा, शटडाऊन नको. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊनमध्ये विंडोज आपला गाभा डिस्कवर जपून ठेवतं आणि सकाळी तोच परत उचलतं. लोक म्हणतात ‘चार वेळा बंद-चालू केलं’, पण मशीन खऱ्या अर्थाने नव्याने सुरू झालेलंच नसतं.

ड्रायव्हरचा संशय असेल तर राउटरपासून लॅनची केबल ओढून लावून बघा. केबलवर नेट चाललं तर खोट बहुधा वायफायच्या ड्रायव्हरमध्ये. अपग्रेडमध्ये बरेचदा कंपनीचा ड्रायव्हर जाऊन विंडोजचा सर्वसाधारण बसतो. मशीनच्या मॉडेल नंबरवरून कंपनीच्याच साइटवरचा ड्रायव्हर उतरवा. नेटच नाही तर उतरवू कसा? मोबाईल यूएसबी केबलने कॉम्प्युटरला लावा आणि मोबाईलमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, म्हणजे मोबाईलचं नेट कॉम्प्युटरला मिळतं. त्याला लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये असतोच. ‘ड्रायव्हर अपडेट करून देतो’ म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअरं मात्र मशीनला लावू नका.

याने भागलं नाही तर सीएमडी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, नेटश विनसॉक रीसेट (netsh winsock reset) द्या आणि पुन्हा रीस्टार्ट. सेटिंग्जमधलं नेटवर्क रीसेट मी शेवटी ठेवतो. यूट्यूबवर ते पहिलंच सांगतात, पण त्यात वायफायचे पासवर्ड जातात, हाताने दिलेला फिक्स आयपी, म्हणजे मशीनचा न बदलणारा पत्ता, जातो, आणि बिलिंग त्या आयपीवर चालत असेल तर नवीन घोळ. करायचंच असेल तर आधी आयपीकॉन्फिग ऑल (ipconfig /all) देऊन स्क्रीनचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

आता फोल्डर. स्टार्टमध्ये विनव्हर (winver) टाइप करून तुमची विंडोजची आवृत्ती बघा, २४एच२ किंवा त्यापुढची असणार. २०२४ च्या ऑक्टोबरात आलेल्या या आवृत्तीपासून प्रोमध्ये विंडोजने दोन गोष्टी बदलल्या. दुसऱ्या मशीनशी फायलींची देवाणघेवाण करताना सही पडताळणी (समोरून आलेला डेटा वाटेत कुणी बदलला नाही हे तपासणं) सक्तीची झाली, आणि नाव-पासवर्ड न देता पाहुणा म्हणून आत शिरणं बंद झालं. तुमच्या गोडाऊनच्या मशीनवर कुणीतरी पासवर्डचं शेअरिंग बंद करून फोल्डर ‘एव्हरीवन’ला खुला केलाय. दुकानादुकानात हेच असतं. विंडोज १० प्रो ते चालवून घेत होतं. ‘संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे’ अशा अर्थाचा मेसेज दिसत असेल तर कारण नक्की हेच.

उपाय गोडाऊनच्या मशीनवर करायचा. तिथे ‘स्टॉक’ नावाचा नवा यूजर बनवा आणि त्याला पासवर्ड द्याच. रिकाम्या पासवर्डचा यूजर विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही, आणि इथेच निम्मे लोक अडकतात. मग फोल्डरवर राइट क्लिक करून शेअरमध्ये त्या यूजरला रीड-राइट द्या आणि पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग चालू करा. काउंटरच्या मशीनवर क्रेडेन्शियल मॅनेजर, म्हणजे विंडोजची नाव-पासवर्ड जपणारी जागा, उघडा आणि त्यात विंडोज क्रेडेन्शियल जोडा: गोडाऊनच्या मशीनचं नाव, मग यूजरच्या जागी मशीनचं नाव, उलटी तिरकी रेघ (\) आणि स्टॉक, मग पासवर्ड. सहीची अडचण विंडोज ७ ला येत नाही, त्याला ती जमते. गोडाऊनला एक्सपी असतं तर हा मार्ग चालला नसता.

रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या वहीत, आकडे बदलून पाहुण्याला परत आत घ्यायची युक्ती तुम्हाला व्हिडिओत सापडेल. सहीची सक्तीही काढली तर चालते ती. पण तुमच्या दुकानातल्या वायफायचा पासवर्ड गिऱ्हाइकांनाही माहीत आहे असं तुम्हीच लिहिलंय, मग स्टॉक आणि उधारीचा फोल्डर सगळ्यांना उघडा कशाला?

खरं तर मी डेटाच काउंटरच्या नव्या मशीनवर आणला असता आणि गोडाऊनच्या मशीनने तिकडून वाचावा असं केलं असतं. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, आणि अख्ख्या दुकानाचा हिशोब त्याच्याच एका जुन्या हार्डडिस्कवर आहे. तसं केलंत तर यूजर-पासवर्डचं काम काउंटरच्या मशीनवर करा, आणि तिथे नेटवर्क ‘पब्लिक’ दाखवत असेल तर ‘प्रायव्हेट’ करा. अपग्रेडनंतर ते कधीकधी पब्लिकवर जातं आणि मग दुसऱ्या मशीनला आत येता येत नाही. आणि गोडाऊनवरून फोल्डर उघडताना पिन चालत नाही, यूजरचा खरा पासवर्डच लागतो.

सीझनपुरतं विंडोज १० वर परत जायचं मनात असेल तर सेटिंग्जच्या रिकव्हरीमध्ये ‘गो बॅक’ आहे, पण ते अपग्रेडपासून १० दिवसच चालतं, आणि तोवर डिस्क क्लीनअपने विंडोज ओल्ड, म्हणजे जुन्या विंडोजचा जपलेला फोल्डर, उडवला नसेल तरच. विंडोज १० चाही सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यामुळे गेलात तरी तिथे मुक्काम नको. काहीही करण्याआधी बिलिंगचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या. आणि आयपीकॉन्फिगमध्ये जो आकडा दिसेल तो कळवा, १६९ आहे की १९२, त्यावरून पुढचं सांगतो.