पोटभर मिळत नाही, मग शुगर कशी वाढते?

"मॅडम, आमाले पोटभर भेटत नाही, मंग शुगर कशी वाढते जी?"

नागपुरात समुपदेशनाचं काम करताना हा प्रश्न मी पुन्हा पुन्हा ऐकते. कळमन्याचे हमाल विचारतात, ऑटो चालवणारे दादा विचारतात, धंतोली-रामदासपेठेत घरकाम करणाऱ्या बाया विचारतात. सगळे एचआयव्हीसह जगणारे, वर्षानुवर्षं एआरटीची, म्हणजे एचआयव्ही आटोक्यात ठेवणारी, गोळी घेणारे. या प्रश्नामागे दोन भीती असतात. एक बोलून दाखवतात: शुगर या गोळ्यांनीच झाली असेल, तर त्या बंद कराव्या का? दुसरी बोलत नाहीत: आणखी एक आजार म्हणजे आणखी एक दवाखाना, आणि तिथल्या डॉक्टरपासून पहिला आजार लपवणं.

पहिल्या भीतीचं उत्तर आधी देते, कारण तिथे उशीर परवडत नाही. एआरटी स्वतःच्या मनानं कधीही बंद करू नका. बाकीचं सुनंदाताईंच्या निमित्तानं सांगते. नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. कुणाच्या एचआयव्हीची माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करायला २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा मनाई करतो, आणि कायदा नसता तरी मी हेच केलं असतं.

सुनंदाताई चव्वेचाळीस वर्षांच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा बारावीला, मुलगी नववीत, घरी म्हाताऱ्या सासूबाई. राहणं पारडीकडे. काम मिरचीच्या बाजारात देठ खुडण्याचं. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात हाताला काम असतं, आठवड्याचा चुकारा मिळतो. पावसाळा लागला की बाजार थंड आणि चूलही थंड. गोळ्या २००८ पासून सुरू. त्यांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, इतका कमी यायचा की तपासणीत विषाणू सापडतच नसे. या वेळी तो वाढला, म्हणून 'गोळ्या नीट घेत नाहीत' असा शेरा घेऊन त्या माझ्याकडे आल्या. त्यात वर्षभरापूर्वी शुगर निघालेली.

बसल्याबसल्या त्यांनी पोलक्यातून पाकीट काढलं आणि पाकिटातून चार घड्या घातलेला कागद. शुगरच्या डॉक्टरांकडून मिळालेला आहाराचा तक्ता. ओट्स, सफरचंद, पनीर, मूठभर बदाम, दर दोन तासांनी थोडं थोडं. घड्यांवर कागद विरला होता, पण मिरचीच्या कामात राहूनही त्यावर एक लाल बोट उमटलेलं नव्हतं, इतका जपून ठेवला होता.

काल काय खाल्लं, असं मी सहसा विचारत नाही. त्या प्रश्नाला लोक तक्ता म्हणून दाखवतात: पोळी, वरण, भाजी, कोशिंबीर. मी विचारते, "आत्ता घरच्या डब्यांत काय काय आहे?"

"रेशनचा तांदूळ हाये. तिखट-मीठ हाये. तेल थोडंसं."

"डाळ? पीठ?"

"काल सरलं." मग लगेच, "पण मले काल उपासच होता जी."

या एका वाक्याशी मी थांबले. माझ्या कामाची बैठकच अशी आहे की माणूस चुकीचा वागताना दिसला तर त्याला सुधारायला जायचं नाही. तो कशातून वाट काढतोय ते आधी ऐकायचं. म्हणून उपासाबद्दल मी एका शब्दानंही टोकलं नाही, फक्त मोजायला लावलं.

"आठवड्यात किती उपास असतात, ताई?"

"सोमवार, गुरुवार. शनिवारही धरतो. चतुर्थी राहिली तर ते वेगळी."

"हिवाळ्यात, काम जोरात असतं तेव्हाही एवढेच?"

त्या बोटांवर मोजू लागल्या आणि मध्येच थांबल्या. अंगठा तर्जनीच्या पेरावरच राहिला. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "तवा एकच. सोमवार."

"आणि बाकीचे?"

"देवाचा सोमवारच हाये मॅडम. बाकीचे पीठ नसते म्हणून. पोट्ट्याइले काय सांगू, की पीठ नाही? उपास हाये म्हणलं की ते दुसऱ्यानं इचारत नाहीत."

"उपासाला काय खाता?"

"च्या. दोन-तीन टाइम. साखर टाकूनच पितो, त्यानंच जीव राह्यते."

"त्या दिवशी गोळ्या?"

"शुगरची तर घेतोच, सकाळी च्यावर. एआरटीची नाही घेत. गरम पडते ना उपाशीपोटी. जेवल्यावरच घ्या म्हणलं होतं ना मले सुरुवातीले."

इथे सगळा गुंता सुटला. ज्या गोळीला अन्नाची गरज नाही ती त्या उपाशीपोटी टाळत होत्या, आणि जी उपाशीपोटी घेऊच नये ती घेत होत्या. आज सरकारी एआरटी केंद्रांत बहुतेकांना टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर यांची एकत्र गोळी मिळते. ती जेवून घ्या नाहीतर न जेवता, तिचं काम ती करते. पूर्वीच्या काही गोळ्यांचं तसं नव्हतं. जुनी सूचना मनात पक्की बसली आणि गोळी बदलल्यावर ती सूचना पुसायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. उलट त्यांच्या शुगरच्या गोळीत ग्लिमेपिराइड होतं. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, पोटात अन्न असो वा नसो. कोऱ्या पोटी ते घेतलं की साखर एकदम खाली येते. बाजारात अकरा-साडेअकराला त्यांना दरदरून घाम फुटायचा, हात कापायचे, डोळ्यांपुढे अंधारी यायची. त्या समजत होत्या, 'एचआयव्हीनं डोकं वर काढलं.'

'गोळ्या नीट घेत नाहीत' हा शेरा मला त्या दिवशी फार लागला. कारण माझ्यासमोर बसलेली बाई निष्काळजी नव्हतीच. दिलेली प्रत्येक सूचना तिनं अक्षरशः पाळली होती. त्या सगळ्या सूचना पीठ असलेल्या घरासाठी होत्या, एवढंच. हे मी त्यांना स्पष्ट शब्दांत सांगितलं. तेव्हा त्या पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकून बसल्या.

आता मूळ प्रश्न. पोटभर मिळत नाही, तरी साखर वाढते कशी?

साखर वाढते ती फक्त जास्त खाल्ल्यानं, हा समज आधी काढून टाका. पोट बराच वेळ रिकामं राहिलं की शरीर कणगीतून धान्य काढावं तशी यकृतात साठवलेली साखर रक्तात सोडतं. उपासमारीचा आणि काळजीचा ताण ते आणखी वाढवतो. मग दिवसभराच्या भुकेवर रात्री ताटभर भात येतो, सोबत पाण्यासारखं वरण किंवा नुसतं तिखट-मीठ. सगळा पिष्टाचा भार एकाच वेळी. स्वस्तात पोट भरतं ते यानंच: भात, बटाटा, पार्ले बिस्किट, साखरेचा चहा. डाळ, अंडी, भाज्या महिनाअखेरीस सर्वांत आधी सुटतात. प्रथिनं कमी पडली की स्नायू झिजतात, आणि जेवणातली साखर सर्वांत जास्त वापरणारे स्नायूच असतात.

त्यावर एचआयव्हीचा आपला वाटा आहे. विषाणू आटोक्यात असला तरी शरीरात सूक्ष्म दाह राहतो. भारतात मोफत एआरटी २००४ साली सुरू झाली. त्या सुरुवातीच्या वर्षांत दिल्या जाणाऱ्या स्टॅव्युडिन या औषधानं अनेकांच्या शरीरातली चरबी जागा बदलून बसली, आणि इन्सुलिनचा परिणामही कमी झाला. सुनंदाताईंचे गाल आत गेलेले आणि पोट पुढे आलेलं, म्हणून वस्तीत लोक म्हणायचे, 'बाई खाऊन-पिऊन सुखी आहे.' आताच्या गोळीनं काहींचं वजन वाढतं, क्वचित साखरही वाढते. म्हणून वेळोवेळी साखर तपासायची, गोळी सोडायची नाही. गोळी सोडल्यानं जे नुकसान होतं त्यापुढे हे काहीच नाही.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रोजेक्ट ओपन हँड या संस्थेनं एचआयव्ही किंवा टाइप २ मधुमेह असलेल्या ५२ जणांना सहा महिने पूर्ण, पौष्टिक जेवण पुरवलं. त्यातल्या एचआयव्ही असलेल्यांमध्ये गोळ्या नेमानं घेणाऱ्यांचं प्रमाण ४७ टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर गेलं. प्रयोग छोटा होता, पण मला तो मनापासून पटतो. जेवण हा औषधोपचाराचाच भाग आहे, हे मी माझ्या खोलीत रोज पाहते.

सुनंदाताईंसोबत आम्ही काय केलं? सर्वांत अवघड काम होतं शुगरच्या डॉक्टरांना एचआयव्हीबद्दल सांगणं. त्या वर्षभर लपवत होत्या. मी कारण सांगितलं: एआरटीच्या गोळीतल्या डोल्युटेग्राविरमुळे मेटफॉर्मिन या शुगरच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं, म्हणून दोन्ही चालू असताना मेटफॉर्मिन सहसा दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत. डॉक्टरला माहीतच नसेल तर तो बिचारा डोस वाढवत राहणार. त्यांनी सांगायचं ठरवलं, मी सोबत गेले. उपाशी दिवसांचंही सांगितलं. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड बंद करून मेटफॉर्मिन जेवणाबरोबर ठेवलं.

दुसरं काम रेशनचं. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य मिळतं, अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो. मुलीचं नाव कार्डावर चढलेलंच नव्हतं, ते चढवलं. तिसरं काम संजय गांधी निराधार योजनेचं, महिन्याला १५०० रुपये. या योजनेत एचआयव्ही असलेल्यांना जागा आहे हे त्यांनी ऐकलं होतं, पण 'तहसीलमध्ये सगळ्याइले समजन' म्हणून अर्ज केला नव्हता. खरं तर निराधार विधवा म्हणूनही या योजनेत अर्ज करता येतो. उत्पन्नाचा दाखला आणि नवऱ्याचा मृत्यूचा दाखला लागतो, आजाराचा उल्लेखही करावा लागत नाही. हे कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, त्यासाठी मी हे काम करते. लाज वाटू नये अशी वाट बहुतेक वेळा असते. ती शोधून देणं मी समुपदेशनातच धरते.

तक्त्याऐवजी आम्ही त्यांच्याच डब्यांतून ताट बांधलं. भात अर्धा, आणि आधी डाळ किंवा बरबटीची उसळ. पावसाळ्यात फुकट मिळणारी तरोट्याची आणि स्वस्त मिळणारी अंबाडीची भाजी. कामावर जाताना पदराच्या गाठीत मूठभर फुटाणे. चहात साखर हळूहळू कमी. शिवाय एक पक्का नियम: घरात पहिला घास मुलांचा असला तरी शेवटचा घास आईचा असायलाच हवा. हा नियम मुलांना कळल्याशिवाय पाळता येणार नव्हता, म्हणून त्यांनी पिठाचं खरं मुलांना सांगितलं. मुलगा म्हणाला, "मले माहीत होतं आई."

तुमच्याही मनात हाच प्रश्न असेल तर काही गोष्टी लक्षात ठेवा. तपासणीआधी दोन दिवस मुद्दाम कमी खाऊन रिपोर्ट चांगला आणू नका. त्यानं डॉक्टर फसतात आणि औषध चुकतं. उपाशीपोटीची शुगर १२६ किंवा त्याहून जास्त येत असेल तर ती दुसऱ्यांदा तपासून घ्या. तुमची एआरटीची गोळी कोणती आणि तिला जेवण लागतं का, हे केंद्रात नाव घेऊन विचारा, कारण काही गोळ्या जेवणासोबतच घ्यायच्या असतात. ज्या दिवशी जेवण होणार नाही त्या दिवशी शुगरच्या गोळीचं काय करायचं, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. घाम, थरथर, अंधारी आली तर ताबडतोब तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, मग काहीतरी खा. शुगर आहे म्हणून त्या क्षणी साखर टाळू नका, ती जीव वाचवते.

आणि समुपदेशक मित्रमैत्रिणींना एक विनंती: ज्या बाईचे उपास महिनाअखेरीस वाढतात, तिला तक्ता देण्याआधी तिचे डबे विचारा.

सुनंदाताईंचा व्हायरल लोड पुढच्या तपासणीत पुन्हा खाली आला. उपाशीपोटीची शुगर १७८ वरून १३० च्या आसपास आली आहे, म्हणजे काम अजून बाकी आहे. निराधारचे पैसे सुरू झालेत, पण कधी दोन महिने अडकतात आणि मग एकदम येतात. म्हणून जून लागायच्या आत आम्ही दोघी बसून पावसाळ्याच्या चार महिन्यांचा हिशेब मांडतो: डाळ किती, तेल किती, आणि पैसे अडकले तर कुणाकडे मागायचं. यंदा त्या यादीत त्यांनी स्वतःहून अंडी लिहिली.